शेवटचा गडी आत असल्याबाबत

विषय : कु. शर्वाणी हेमंत खांबेटे (वय १३) ही कबड्डीच्या तहकूब सामन्यात बाद झाली असून अद्याप घरात येऊ शकत नसल्याबाबत.

एवढे लिहून अप्पा खांबेट्यांनी पेनाला टोपण लावले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे कारकुनी केल्यामुळे, विषय नीट मांडला की अर्धे काम झाले, असे ते मानत. उरलेले अर्धे सहसा होत नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

हकीकत साधी होती. चौदा वर्षांखालील मुलींचा तालुका सामना चालला होता. त्यांच्या नातीची, शर्वाणीची, चढाईत पकड झाली, पंचांनी बाद दिले आणि ती रेषेबाहेर जाऊन बसली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, भाषणाला उभे राहिले आणि दिवस मावळेपर्यंत बसले नाहीत. सामना तहकूब झाला. बाद गडी आत येतो तो आपल्या संघाने समोरचा टिपल्यावर. खेळच थांबलेला, तेव्हा कोण कोणाला टिपणार? शर्वाणी घरी आली ती अंगणातच थांबली.

"नाटकं पुरेत. हातपाय धू, ताट वाढलंय," तिची आई वृंदा दारातून म्हणाली.

"आत नाही येता येत, आई. मी बाद आहे."

"थांब, मीच आणतो," म्हणत तिचे बाबा, हेमंत, उंबरा ओलांडून बाहेर गेले. त्याच क्षणी शिट्टी झाली. अंगणात पंच नव्हता, रस्त्यावरही नव्हता. हेमंतना परत आत येता येईना. पायरीशी आले की पाय जमिनीला चिकटत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून फोन आला तो फक्त विचारायला, की या रिकाम्या टेबलावर पूर्वी कोण बसायचे.

तेव्हापासून वृंदा आणि अप्पा घराबाहेर पडले नाहीत. दूध खिडकीतून येई.

बाहेरची दोघे रोज सकाळी थोडी मागे सरकलेली असत. त्यांना कोणी सरकवत नव्हते. आधी पायरी, मग फाटक, मग रस्त्यापलीकडचा कठडा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून शर्वाणी रोज संध्याकाळी अप्पांना वाचनालयाचे पुस्तक वाचून दाखवी. तिने तो नेम मोडला नाही. रोज जरा जास्त ओरडून वाची, एवढेच.

अप्पांनी तिच्या दप्तरातली नियमांची पुस्तिका काढून वृंदाकडून दोनदा वाचून घेतली. संघातले सगळे बाद झाले की लोण चढतो. समोरच्यांना जादा गुण मिळतात आणि सगळेच्या सगळे आत येतात.

"मग आपणही जाऊ की बाहेर," वृंदा म्हणाली. "चौघं बाद, लोण, चौघं आत. सुटला प्रश्न!"

"संघ सातांचा असतो, वृंदा. आपण चार. उरलेले तीन गैरहजर धरायचे की बाद, याचा खुलासा नाही. लोण मानलाच नाही आणि आत कुणी उरलं नाही, तर?"

"तर काय होईल, अप्पा?"

अप्पांनी पुस्तिका मिटून कोरा कागद पुढे ओढला. "मी लेखी मार्गदर्शन मागवतो," ते म्हणाले.

अर्ज दूधवाल्याच्या हाती कबड्डी संघटनेला गेला. आठ दिवस वृंदाने वाट पाहिली. नवव्या दिवशी कठडाही रिकामा दिसला. दोघे कठड्यामागच्या मैदानाच्या मध्यावर गेली होती. तिने गॅस बंद केला, शर्वाणीचा स्वेटर घेतला आणि अप्पांना नमस्कार केला.

"वृंदा, उत्तर येऊ दे."

"तुम्ही उत्तर घेऊन या. मी स्वेटर घेऊन जाते."

शिट्टी झाली.

संध्याकाळी शर्वाणीचा आवाज कसाबसा पोचला. "आजोबा, या ना! तुम्ही एकटेच राहिलात! लोण होईल!"

"लेखी येऊ दे, बाळा!"

"तोवर मी ऐकू नाही यायची!"

अप्पांनी संघटनेचे चिटणीस घोसाळकर यांना फोन लावला.

"मिळाला अर्ज," घोसाळकर म्हणाले. "मसुदा सुरेख आहे हो, हल्ली असं कुणी लिहीत नाही. तांत्रिक समितीपुढे ठेवलाय."

"समिती बसणार कधी?"

"पाच सभासद आहेत. तीन बाद आहेत. गणपूर्ती होत नाही."

"माझं एकच विचारणं आहे. मी पाऊल टाकलं, तर लोण मानणार ना?"

"तोंडी कसं सांगू, खांबेटेसाहेब? तुम्ही जाणते. पण शेवटचा गडी आत आहे तोवर सामना जिवंत धरतात, एवढं खरं." आणि फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "मीसुद्धा इथे कचेरीत एकटाच आहे."

आता ती तिघे मैदानाच्या टोकाला, कालव्याच्या बांधावर असतात. शर्वाणी वाचते, असे अप्पांना वाटते. पान उलटल्यासारखा पांढरा ठिपका हलतो. आवाज येत नाही. कालपासून तिघांतली शर्वाणी कोणती, तेही ओळखू येत नाही. अप्पा संध्याकाळी दारात उभे राहतात, अंगठा उंबऱ्याला टेकलेला, आणि कानात जीव आणून ऐकतात.

तीन स्मरणपत्रे पाठवून झाली आहेत. अर्ज समितीकडे प्रलंबित आहे.