तेल थंड होईपर्यंत

"थांब, आत्ता नाही निघायचं. आधी तेल गरम होऊ दे," दंतवैद्य स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला.

"अहो, गाडी आहे की कढई?" शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं.

आज तिची रेडिओवरच्या एका मालिकेसाठी आवाजाची चाचणी होती. कॉलेजात नाटकं केली त्याला युगं लोटली होती. इतक्या वर्षांनी तिला कोणीतरी माइकसमोर बोलावलं होतं, आणि ही संधी हुकली तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि हा माणूस तेल तापवत बसला होता!

खरं तर गाडी मुळात चांगली होती. लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. चालायची, थांबायची, कोणाच्या अध्यातमध्यात नसायची. मग एके दिवशी बायकोचा धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन आला. "भाऊजी, कंपनीने इंजिनाला उपाशी ठेवलंय. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, त्याचा दाब थोडा वाढवतो. मग टॉर्क बघा!"

टॉर्क म्हणजे गाडीचा ओढण्याचा जोर. तो आला, अगदी मान मागे आपटेल इतका आला. पण क्लचला तो पेलेना, म्हणून कडक क्लच बसवला. तो दाबून दाबून दंतवैद्याचा गुडघा धरला. जोर वाढला तशी उष्णता वाढली, म्हणून तेल थंड करायला वेगळा कूलर आला. धूर मोकळा सुटावा म्हणून नवा सायलेन्सर आला, तो नावापुरताच सायलेन्सर होता. गॅरेजचा मिस्त्री दर वेळी कपाळाला हात लावायचा. "डॉक्टर, हिरडी माणसाची आणि दात हत्तीचा, असं चाललंय तुमचं. इंजिन टिकायचं नाही."

ते 'टिकायचं नाही' दंतवैद्याच्या मनात घर करून बसलं. परिणाम असा झाला, की एवढा जोर कमावून तो गाडी हाकायचा मात्र बैलगाडीच्या बेताने. डोळे रस्त्यावर कमी आणि काट्यांवर जास्त. आजही वाटेत शाळेची एक व्हॅन त्यांना मागे टाकून गेली, आणि तिच्या मागच्या काचेतून दोन मुलांनी त्यांना टाटा केला.

"दाबा ना जरा!" बायको म्हणाली.

"दाबलं की इंजिनावर ताण येतो."

"मग जोर वाढवला कशाला?"

"असावा गं, हाताशी."

ती घड्याळाकडे बघत राहिली. ते बघणं मात्र बोलण्याहून वाईट होतं. शेवटच्या चढावर दंतवैद्याने देवाचं नाव घेऊन पाय दाबला. गाडी डरकाळी फोडून उधळली, तेलाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकला, आणि ती दोघं रेडिओ केंद्राच्या आवारात अगदी ऐनवेळी पोचली. भिंतीला लागून तेवढी एकच जागा रिकामी होती. बायको उतरून धावत सुटली.

तिचा वाचायचा चष्मा पुढच्या काचेपाशीच राहिला होता. दंतवैद्याने किल्ली काढली, सीटवर टाकली, चष्मा उचलला, दार आपटलं आणि तिच्या मागे पळाला. नवरा म्हणून हे त्याचं त्या दिवसातलं एकमेव सत्कृत्य, आणि तेच अंगाशी आलं.

कारण मेहुण्याने गाडीत एक डबी बसवली होती. तापलेला टर्बो एकदम बंद केला तर आतलं तेल करपतं. म्हणून किल्ली काढली तरी ही डबी तेल थंड होईपर्यंत इंजिन चालूच ठेवायची. आणि अशी चालू गाडी कोणी पळवू नये म्हणून दारं आपोआप लॉक करायची. घाईत दंतवैद्य हे साफ विसरला होता. दंतवैद्य चष्मा देऊन परत आला, तेव्हा गाडी आतून बंद होती, किल्ली सीटवर होती आणि इंजिन जोरात गुरगुरत होतं.

"साहेब, आत कोणी नाही आणि गाडी चालूय," पहारेकरी म्हणाला.

"माहितीये. थांबेल ती आपली आपण."

"कधी?"

"तेल थंड झालं की."

पहारेकऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की दंतवैद्याने घाईघाईने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ती इंजिनाच्या भल्यासाठीच चालू आहे. बसा निवांत."

"काच फोडू का?" पहारेकऱ्याने आशेने विचारलं.

गाडी ज्या भिंतीला टेकून उभी होती, त्या भिंतीच्या पलीकडे स्टुडिओ होता. आत दंतवैद्याची बायको चष्मा लावून एकच वाक्य वाचत होती. "आता पुरे झालं. मी या घरात क्षणभरही राहणार नाही." तिचा आवाज इतका गोड, की जणू पाहुण्यांना बसा म्हणतेय.

"बाई, नवऱ्याला विटलेली बाई आहे ही. जरा राग येऊ दे," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. तिने पुन्हा वाचलं. आणखी गोड झालं. दिग्दर्शकाने पुढच्या उमेदवाराचं नाव पाहायला मान खाली घातली, तेवढ्यात मघापासून भिंतीतून येणारा घुं घुं असा आवाज त्याच्या कानात शिरला. "हे काय घुसतंय माइकमध्ये?"

तिने तो आवाज ओळखला. त्याच क्षणी दार उघडून दंतवैद्य ओशाळवाणा आत आला. "अगं, घाबरू नकोस. तेल जरा गरम आहे, एवढंच."

माइक चालू होता. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तेल? निघताना गार म्हणून थांबायचं, पोचल्यावर गरम म्हणून थांबायचं! त्या टर्बोला जपता तसं घरात कोणाला जपलंत कधी? जोर वाढवायचा, मग वापरायचा नाही, आणि न वापरताच मोडायचा! आता पुरे झालं! मी त्या गाडीत क्षणभरही बसणार नाही!"

बाहेर तेल थंड झालं असावं. इंजिन आपसूक बंद पडलं. त्या शांततेत दिग्दर्शक हळूच म्हणाला, "बाई, भूमिका तुमची."

ती बसने घरी गेली. दंतवैद्याला मनापासून लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी त्याने मिस्त्रीकडे जाऊन टर्बोचा दाब पूर्ववत केला, डबी काढून टाकली, जुना सायलेन्सर चढवला. गाडी पुन्हा माणसात आली. मालिकेच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला त्याने बायकोला वेळेआधी, सुखरूप आणि आवाज न करता नेऊन सोडलं.

संध्याकाळी ती पाय आपटत घरात आली.

"काय झालं?"

"राग येईना! दिग्दर्शकाने डोकं धरलं. म्हणाले, उद्या तो परवाचा राग घेऊन या, नाहीतर दुसरी बाई बघतो. अहो, माझ्या भावाला बोलवा. टर्बोचा दाब वाढवा, ती डबी बसवा, सगळं होतं तसं करा."

"अगं, पण मिस्त्री काय म्हणतो ते आठवतंय ना? किती भागांची मालिका आहे?"

"तेरा."

दंतवैद्याचा चेहरा पडला. "तेरा भाग इंजिन टिकणार नाही गं."

"तेराव्या भागात मी घर सोडून जाते," ती पदर खोचत म्हणाली. "तिथवर टिकलं की पुरे."