सिंधुबाईची सोमवारची पंगत

लातुरात, जुन्या भाजी मंडईच्या मागल्या गल्लीत, एक होती सिंधुबाई, तिचे एक मालक वीरभद्रप्पा, त्यांचा एक मुलगा अमरेश, त्याची बायको पुनम आणि त्या दोघांची एक सोळा वर्षांची पोरगी तनुजा. घरात खायला होतं, प्यायला होतं, टाकीला पाणी एक दिवसाआड येत होतं. कमी काही नव्हतं. कमी नव्हतं हेच दुखणं होतं, कारण दर सोमवारी त्या घरात जेवण लई व्हायचं.

सिंधुबाईच्या सासूपासूनची रीत होती. सोमवारी दुपारी रेवणसिद्ध स्वामी यायचे, मठाचे जंगम. त्यांचे पाय धुवायचे, विभूती लावून घ्यायची आणि त्यांच्याबरोबर गल्लीतली चार-सहा माणसं जेवायला बसवायची. पुरणपोळी, पुरणाच्या येळवणीची आमटी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. या पंगतीचे नियम दोनच. स्वामींनी मंत्र म्हटला की ताट संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि ताटात पडलेला प्रसाद टाकायचा नाही. सगळं संपवून, ताट धुऊन, ते पाणीसुद्धा पिऊन उठायचं.

आता जिथं बोलायचं नाही आणि टाकायचं नाही, तिथं वाढणारणीच्या हातात काय ताकद असते ते तुम्हीच बघा. सिंधुबाई माणसाच्या मागून यायची. माणूस खाली बघत असला की पोळी पडलेली असायची. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप सोडायची. जेवून उठलेला माणूस भिंतीला धरून चपला शोधायचा, आणि सिंधुबाईला वाटायचं, जेवला बापडा पोटभर.

"आज्जी, ते हातानं नको म्हणत असतात," तनुजा म्हणायची. ती अकरावीला होती, डॉक्टर व्हायचे क्लास करून राहिली होती, त्यामुळं घरातल्या सगळ्यांच्या पोटात काय काय चालतं ते तिला पाठ होतं.

"किती डाव नको म्हणले ते बघावं लागतंय."

"म्हणजे?"

"पहिला नको रीतीचा. दुसरा लाजंचा. तिसरा जरासा खरा."

"आणि चौथा?"

"चौथ्यापतुर माणसाच्या हातात घास असतोय, त्याला हात हलवता येत न्हाई."

"स्वामींना शुगर आहे, आज्जी. ते आपल्याकडून गेल्यावर गोळी घेतात आणि संध्याकाळपर्यंत मठात झोपतात. लोक प्रवचनाला येऊन बसतात आणि स्वामी घोरतात."

"मग पोट भरल्यावर माणसानं काय नाचावं का?"

असं दर सोमवारी चालायचं. वीरभद्रप्पा पेपर वाचत बसायचे. पेपर संपला तरी वाचत बसायचे.

सिंधुबाईच्या मनात मात्र एक गोष्ट अकरा वर्षांपासून रुतून बसली होती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात चारशे माणसांचा महाप्रसाद व्हायचा, आणि तो कुणाच्या घरच्या हातचा, हे मठाचे पंच ठरवायचे. अकरा वर्षं तो मान समोरच्या नीलम्माच्या घरी जात होता. नीलम्माच्या हुग्गीत गूळ कमी असतो हे सिंधुबाईनं प्रत्येक वर्षी पंचांच्या कानावर घातलं होतं. पंच म्हणायचे, बघू. या वर्षी स्वामींनीच सांगितलं होतं की आषाढातल्या एका सोमवारी दोन पंचांना घेऊन येतो, आधी तुमच्याकडं जेवतो, मग तीन वाजता नीलम्माकडं हुग्गी चाखतो, मग ठरवू.

त्या सोमवाराच्या आधीच्या सोमवारी सिंधुबाईचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. तिनं विचार केला, एक दिवस पोरीच्या हातात ओगराळं दिलं तर काय बिघडतंय. एवढंच तिनं ठरवलं. बाकीचं सगळं आपोआप झालं.

तनुजानं पंगत बसल्यावर, मंत्राच्या आधी, हातात वही घेऊन प्रत्येकाला विचारलं, "काका, किती पोळ्या खाणार?"

असलं त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. पहिले बसले होते व्यंकटराव, एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. चार पोळ्यांचा माणूस. पण पोरीच्या तोंडावर चार कसं म्हणावं?

"अर्धी बास," ते म्हणाले, "पोटात जागाच न्हाई."

शेजारचा म्हणाला, एक लई झाली. त्याच्या शेजारचा म्हणाला, मी तर दर्शनाला आलोय. स्वामी म्हणाले, "देवाच्या नावाला चमचाभर हुग्गी."

तनुजानं लिहून घेतलं. मंत्र झाला. आणि मग तिनं व्यंकटरावांना अर्धी पोळी वाढली. सुरीनं, बरोबर मधोमध कापून. दर्शनाला आलेल्याला आमटी वाढली आणि नमस्कार केला. स्वामींना चमचाभर हुग्गी, चमचा सपाट करून.

कुणाला बोलता येत नव्हतं. व्यंकटरावांनी अर्धी पोळी दोन घासांत संपवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं असं बघितलं जसं स्टँडवर माणूस शेवटच्या गाडीची वाट बघतो. दारात खांदा धरून सिंधुबाई उभी होती. तिच्या डोळ्याला पाणी आलं होतं. नऊ मिनिटांत सगळ्यांनी ताटं धुऊन पाणी प्यायलं. पाणी मात्र त्या दिवशी सगळे दोन-दोनदा प्यायले.

मंगळवारी गल्लीला कळलं की सिंधुबाईच्या पंगतीतून उठून व्यंकटराव थेट चौकातल्या पोह्याच्या गाड्यावर गेले आणि दोन प्लेटा उभ्यानं खाल्ल्या. कळवलं नीलम्मानं. स्वतः येऊन, पायरीवर बसून, काळजीनं.

"खांदा दुखून राहिलाय म्हणून सैपाक जमला नसंल," नीलम्मा म्हणाली. "मी म्हणलं सगळ्यांना, तसलं काय न्हाई, बाई हाताची मोकळीच हाय."

ती गेल्यावर सिंधुबाईनं तनुजाकडं बघितलं.

"मी त्यांना विचारलं होतं, आज्जी. त्यांनी खरं सांगायचं ना."

"जेवायला बसलेला माणूस खरं कसं सांगंल? कोर्टात बसलाय का तो?"

"मग मी ओळखायचं कसं?"

"वळखायचं न्हाई. वाढायचं."

त्यावरून दोघींचा अबोला झाला. आठवडाभर निरोप वीरभद्रप्पांच्या मार्फत चालले. "तुमच्या नातीला सांगा, दूध उतू चाललंय." "आजोबा, आज्जीला सांगा, गॅस तिच्याच बाजूला आहे." अमरेशनं तेवढा एक निकाल दिला: आईचा खांदा बरा नाही, पंचांच्या सोमवारीपण तनुजाच वाढेल. एवढं बोलून तो दुकानावर निघून गेला आणि आठवडाभर दुकानातच त्याला फार काम निघालं.

आता सिंधुबाई काय हात बांधून बसणारी नव्हती. रविवारी ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडली आणि पंगतीतल्या प्रत्येकाच्या घरी गेली.

"उद्या पोरगी इचारील, किती. लाजू नका. पायजे त्याच्यापरीस दोन जास्तीच सांगा. हात आखडता हाय तिचा."

व्यंकटरावांना हे लगेच पटलं. तिथून ती मठात गेली. स्वामींना असं सांगायचं म्हणजे अवघड. तिनं पायावर डोकं ठेवलं आणि डोकं तिथंच ठेवून सांगितलं. दोन्ही पंच तिथंच बसले होते, त्यांनीपण ऐकलं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. "कुणाला म्हणू नका. शपथ हाय."

"हाव," वीरभद्रप्पा म्हणाले.

इकडं तनुजाचंही मन खात होतं. पोह्याची गोष्ट तिला लागली होती. आज्जीचं अकरा वर्षांचं मागणं आपल्या वहीपायी जाईल, हे तिला दिसत होतं. तिनं बसून विचार केला आणि तिला वाटलं, लोक सांगतात ते निम्मं असतं. तर जो जे सांगेल त्याच्या दुप्पट वाढायचं. आज्जीला काही म्हणायचं नाही, करूनच दाखवायचं. रविवारी संध्याकाळी ती आजोबांजवळ येऊन बसली.

"कुणाला सांगायचं नाही हं, आजोबा. तुम्हाला माझी शपथ."

"हाव," वीरभद्रप्पा म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

पुनमला सासूनं सांगितलं, पुरण जास्तीचं घाल. लेकीनंपण येऊन सांगितलं, आई, पुरण डबल कर. पुनमनं दोघींचं ऐकलं. तिला लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती आणि त्या घरात कशाचं कारण विचारायचं नसतं हे ती पहिल्या वर्षीच शिकली होती. पहाटेपासून पोळ्या लाटून तिनं पराती भरल्या. परात संपल्यावर सुपात ठेवल्या.

सोमवारी साडेबाराला पंगत बसली. स्वामी, दोन पंच, व्यंकटराव आणि गल्लीतले तिघं, असे सात. तनुजा वही घेऊन आली.

"काका, किती?"

"सहा," व्यंकटराव म्हणाले, मान ताठ ठेवून.

"मला बी सहा."

"पाच लिव्ह, बाळ."

पंचांनी सात-सात सांगितल्या. स्वामींनी डोळे मिटून सांगितलं, "हुग्गी चार ओगराळी." शुगरमुळं त्यांना दोनच हवी होती, पण सिंधुबाईनं पाय धरले होते.

दारात उभ्या सिंधुबाईचा खांदा निम्मा बरा झाला. तनुजालाही बरं वाटलं, लोक मोकळे झाले म्हणून. पण ठरवलं ते ठरवलं. मोकळे होऊन एवढं सांगतायत, तर खरी भूक केवढी असेल, असं तिच्या मनात आलं.

मंत्र झाला आणि तनुजानं व्यंकटरावांच्या ताटात बारा पोळ्या ठेवल्या. एकावर एक, मधे तूप. व्यंकटरावांना पलीकडचा माणूस दिसेना. त्यांनी पोरीकडं बघून सहा बोटं वर केली, की सहा म्हणालो होतो. तनुजानं मान हलवली आणि आणखी सहा आणल्या.

स्वामींच्या वाटीत हुग्गी मावेना म्हणून तिनं पातेलंच पुढं ठेवलं. पंच एकमेकांकडं बघून राहिले. दोघांनी मिळून शेतजमिनीचे कितीतरी तंटे मिटवले होते, पण असली वेळ कधी आली नव्हती. बोलता येत नव्हतं. टाकता येत नव्हतं. उठता तर येतच नव्हतं.

सिंधुबाईला तर गहिवरून आलं. पोरगी सुधारली म्हणून. दहाव्या पोळीनंतर तिला जरा शंका आली, पण आता कुठल्या तोंडानं कमी वाढ म्हणणार?

जेवण सव्वादोन तास चाललं. शेवटाला ताट धुऊन प्यायचं पाणी आलं, तेव्हा त्याला जागा नव्हती. ते त्यांनी थेंबाथेंबानं, औषधासारखं आत घातलं. मग सातही जणांनी आहे तिथंच, भिंतीकडं डोकी करून, अंग टाकलं. पुनमनं न विचारता पंखा पाचवर केला.

तीनला नीलम्मा दारात आली. तिच्या घरी पितळी पातेल्यातली हुग्गी थंड होऊन राहिली होती. तिनं सोप्यात बघितलं, ओळीनं सात माणसं पडलेली, आणि स्वामींचं पोट पंख्याबरोबर हलतंय.

"स्वामी," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडची हुग्गी."

स्वामींनी तो शब्द ऐकला आणि डोळ्यांवर उपरणं ओढून घेतलं. थोरले पंच कुशीवर होऊ गेले, होता आलं नाही.

"नीलम्मा, माय," ते छताकडं बघून म्हणाले, "आमच्याच्यानं आता दुसऱ्या घरचं ताट बघणं व्हायचं न्हाई. यंदाचा मान हितंच द्या. लिहून घ्या कुणीतरी."

तनुजाच्या हातात वही होतीच. तिनं लिहून घेतलं.

नीलम्मा आल्या पावली परत गेली. मग सिंधुबाईनं नातीला विचारलं, आठवड्यातला पहिला शब्द, "किती किती वाढलंस गं?"

"सांगितलं त्याच्या दुप्पट. ते निम्मंच सांगतात म्हणून."

"मी तर त्यास्नी दोन जास्तीच सांगाया लावलं हुतं."

दोघी एकदमच वीरभद्रप्पांकडं वळल्या.

"मला दोघींनी बी शपथ घातली हुती," वीरभद्रप्पा म्हणाले. "कुणाची मोडू?"

पाच वाजता स्वामींना बोलता येऊ लागलं. त्यांनी आशीर्वाद दिला, मान पक्का केला आणि एकच अट घातली. स्वयंपाक या घरचा, पण वाढायला या घरातलं कुणीही उभं राहायचं नाही. वाढायचं नीलम्मानं.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. मठाच्या फळ्यावर खडूनं नाव लिहिलं गेलं, सिंधुबाई वीरभद्रप्पा, आणि ते वाचता येत नसलं तरी सिंधुबाईनं त्याच्यासमोर बराच वेळ उभं राहून बघितलं. चारशे माणसं जेवली. लोक म्हणाले, असली हुग्गी अकरा वर्षांत खाल्ली नव्हती. सिंधुबाईला पहिल्या ओळीत बसवलं होतं, शेजारी तनुजाला. दोघींनी हात मांडीखाली ठेवले होते. समोर नीलम्मा ओगराळं घेऊन ओळीतून फिरत होती. कुणाला पळीभर, कुणाला दोन, मनाला येईल तसं.

बराच वेळ दोघींनी बघितलं. मंत्र अजून व्हायचा होता.

"हिला वाढता येत न्हाई," सिंधुबाई म्हणाली.

"हाव, आज्जी," तनुजा म्हणाली. "बिलकुल येत नाही."

आणि त्या घरात त्या दिवसापासून शांती नांदायला लागली.