साडभावाचं औषध

हेमराजला खोकला झाला याचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते साडभावालाही, म्हणजे साडूलाही, त्याच दिवशी खोकला झाला याचं. एकट्याचा खोकला असता तर तो आल्याचा तुकडा चघळत गप्प बसला असता आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण सासरे म्हणाले, "दोघंही चला डॉक्टरकडं," आणि हेमराज हो म्हणून बसला. तिथेच चुकलं.

हेमराज म्हणजे पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातल्या वामनरावांचा थोरला जवाई. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात क्लार्क, वय सत्तेचाळीस, बीपीची गोळी रोज सकाळी एक, आणि सासुरवाडीतल्या मानाबद्दल अतिशय जागरूक. पंधरा वर्षं या घरात तो एकटाच जवाई होता. पहिला पाट त्याचा, पहिला वडा त्याच्या ताटात, आणि जेवल्यावर पान कोणी लावायचं यावर घरात चर्चा व्हायची. मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि खुशाल आला. खुशाल राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत परमनंट. पांढरी कार. डोक्यावर सगळे केस. आणि एवढं करून स्वभावाने चांगला. ही शेवटची गोष्ट हेमराजला सगळ्यांत जास्त झोंबायची. (साडभाऊ वाईट असला की जळायला सोपं जातं. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे रोज काहीतरी शोधून काढावं लागतं.)

तरी एक मान अजून हेमराजकडे शाबूत होता. वामनरावांच्या घरची रीत अशी, की घरातली सोयरीक थोरल्या जवायाने बोलायची. साळा विक्की याची सोयरीक गडचिरोलीकडच्या रश्मी नावाच्या मुलीशी जुळत आली होती. रविवारी सकाळी अकराला मुलीकडची माणसं येणार होती, आणि चार माणसांत बसून हेमराज बोलणार होता. त्याने त्यासाठी नवा सदरा शिवला होता. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दोनदा बायकोसमोर उभं राहून म्हणूनही दाखवलं होतं. सरिता भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "पोराची सोयरीक आहे, तुमची निवडणूक नाई."

गुरुवारी दोन्ही जवाई सहकुटुंब येऊन पोचले. शेतावर धानाची मळणी चालू होती. खुशाल उठून मदतीला गेला म्हणून हेमराजही गेला. हेमराज उफणायला उभा राहिला म्हणून खुशालही उभा राहिला. संध्याकाळपर्यंत भुसा दोघांच्या नाकातोंडात बसला आणि रात्रभर घरात दोन जवाई आलटून पालटून खोकले.

शुक्रवारी वामनराव दोघांना पोंभुर्ण्याला डॉक्टर रंजीताबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी आधी खुशालला तपासलं. त्याला एक सिरप लिहून दिलं, वर चोंदलेल्या नाकाच्या गोळ्या. सिरप झाकणावरच्या मापानेच घ्यायचं, त्याने झोप येते, घेतल्यावर गाडी चालवायची नाही, असं दोनदा बजावलं. मग हेमराजच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, रोजच्या गोळीचं नाव विचारलं आणि सरळ सांगून टाकलं की यातलं काहीही तुमच्यासाठी नाही. नाकाच्या गोळीने बीपी वर जाईल. खोकला धुळीचा आहे, वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, चार दिवसांत जाईल. ताप आला किंवा दम लागला तर लगेच या.

"अन् यायची चिठ्ठी यायचीच राहू द्या," बाई खुशालकडे बोट करून म्हणाल्या. "एकाचं औषध दुसऱ्यानं घ्याचं नाई."

हेमराजने तरी वाफ आणि गुळण्या लिहिलेली आपली चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढे धरली. मेडिकलवाल्याने ती वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली आणि परत दिली. तोवर खुशालची पिशवी भरून झाली होती.

पुढचे दोन दिवस हेमराजने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. खुशालची लालभडक सिरपाची बाटली सासूबाईंनी, म्हणजे इंदुताईंनी, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. दिवसातून तीन वेळा त्या झाकण गरम पाण्यात धुऊन, पुसून, त्यात औषध ओतून जवायापुढे न्यायच्या. हेमराजच्या वाट्याला एक पातेलं आणि एक चादर. डोक्यावरून चादर घेऊन तो वाफेत घामाघूम बसलेला असायचा आणि त्याच वेळी बाहेरून सासूबाईंचा आवाज कानावर यायचा: "जवाईबुवा, कडू तं नाई लागलं ना? थोडी साखर देऊ काय?" गुळण्यांच्या पाण्यात मीठ कमी पडलं का, हे त्याला कोणी विचारलं नाही. (पातेल्यातलं पाणी दर वेळी इंदुताईच तापवत होत्या आणि चादरही त्याच धरत होत्या. पण चादरीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेर कोण उभं आहे ते कसं दिसणार.)

शनिवारी दुपारी त्याने सरितेजवळ विषय काढलाच. थोरला कोण आणि बाटली कोणाला, असा त्याचा मुद्दा होता.

"तुमाले बीपी आहे म्हणून नाई देलं," सरिता म्हणाली.

"बीपी मले या घरानंच देलं," हेमराज म्हणाला आणि कूस बदलून पडून राहिला.

रविवार उजाडला. सकाळचा डोस घेऊन इंदुताई खुशालपुढे उभ्या राहिल्या तेव्हा खुशाल म्हणाला, आज नको, बसस्टँडवरून पाहुणे आणायला गाडी न्यायची आहे, डॉक्टरांनी मनाई केली आहे. यावर वामनराव म्हणाले, जबाबदार माणूस आहे. इंदुताई म्हणाल्या, नाहीतर आजकाल कोण एवढं पाळतं. धाकटी नवऱ्याकडे अशी पाहू लागली की जणू त्याला पदकच मिळालं. औषध घेतलं तरी कौतुक आणि नाही घेतलं तरी कौतुक, हे हेमराजच्या सहनशक्तीपलीकडचं होतं.

कार गेल्याचा आवाज आला तसा तो देवाच्या खोलीत शिरला. सोयरीक बोलताना मधेच ढास लागली तर घराची अब्रू जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. बाटली उघडली. झाकणावर मापाच्या रेघा होत्या, पण त्या रेघा त्याला साडभावाच्याच वाटल्या. शिवाय शुक्रवार आणि शनिवार त्याच्यावर अन्याय झालेला होता. विदर्भाचा माणूस, अनुशेष म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याने बाटली तोंडाला लावून तीन मोठे घोट घेतले आणि दोन दिवसांच्या म्हणून नाकाच्या दोन गोळ्या एकदम गिळल्या. मग देवाला नमस्कार करून बाहेर आला.

अर्धा तास काही झालं नाही. उलट घसा मऊ पडला आणि आपण योग्य तेच केलं असं त्याला वाटलं. मग छातीत मळणी यंत्र सुरू झाल्यासारखं धडधडू लागलं. जीभ टाळूला चिकटली. आणि छाती अशी धावत असताना पापण्या मात्र जड होत खाली यायला लागल्या.

पाहुणे आले. रश्मीचे वडील, काका आणि आत्या कांताबाई. कांताबाई आपल्या गावातल्या दारूबंदीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या जिल्ह्यात दारूला बंदी, पण मोहाला फुलं येणं काही बंद झालेलं नव्हतं. झुडपात लपवलेले, दारूसाठी आंबत घातलेल्या सडव्याचे किती ड्रम त्यांनी लाथेने उपडे केले होते याची मोजदाद नव्हती. या सोयरिकीत त्यांनी आधीच एक प्रश्न निरोपाने विचारून ठेवला होता: घरात पिणारं कोणी आहे काय? वामनरावांनी देवाची शपथ घेऊन नाही असं कळवलं होतं.

चहापाणी झालं. वामनरावांनी हेमराजला खूण केली. हेमराज उभा राहिला. (उभं राहायचं काही कारण नव्हतं, सगळे सतरंजीवर बसले होते.) कांताबाईंकडे पाहून त्याने हात जोडले. त्याला त्या दोन दिसत होत्या.

"दोन्ही बायांले नमस्कार," तो म्हणाला.

मग पाठ केलेलं आठवायला थांबला. थांबला तो थांबलाच. मग हळूहळू खाली बसला, रश्मीच्या वडिलांच्या खांद्यावर मान टाकली आणि घोरू लागला.

कांताबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्या वामनरावांना म्हणाल्या, "भाऊ, सकाळचे साडेअकरा होऊन राह्यले. तुमच्या घरी एवढ्या लवकर सुरू होते काय?"

वामनराव देवाच्या खोलीकडे पाहू लागले. विक्कीचा चेहरा तर पाहवत नव्हता; मुलगी त्याला मनापासून आवडली होती. रश्मीचे काका चपला शोधू लागले. सरिता मात्र उठून सरळ आत गेली आणि बाटली हातात घेऊन बाहेर आली. सकाळी पाऊण भरलेली बाटली आता पावच उरली होती. तिने नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला आणि तिचा रंग उडाला. ते पिऊन पडलेले नाहीत, त्यांनी दुसऱ्याचं औषध घेतलं आहे आणि छाती फार धडधडते आहे, एवढं तिने सांगेपर्यंत खुशालने गाडी दारात आणली होती.

"मीबी येतो," कांताबाई म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणते ते माह्या कानानं ऐकतो. तोवर कोणी घरी जायचं नाई अन् कोणी हो म्हणायचं नाई."

अशी वरात रंजीताबाईंच्या दवाखान्यात पोचली. पट्टा बांधला. बाईंनी आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हेमराजला गालावर थापट्या मारून जागं केलं आणि विचारलं, काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता घेतलं?

"झाकणभर," हेमराज म्हणाला.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "खोटं सांगाल तं माझा उपचार चुकंल. जीव तुमचा आहे."

"दोन झाकण."

तेवढ्यात खुशाल पुढे झाला. म्हणाला, "बाई, थोडं माह्याच हातून सांडलं असंल."

हेमराजने डोळे उघडले. साडभाऊ त्याच्यासाठी खोटं बोलत होता, तेही परक्या बाईसमोर, तेही इतक्या सहज. आता हे मोठेपणही त्याच्याच खात्यावर जाणार, या विचाराने त्याची उरलीसुरली झोप उडाली.

"सांडलं नाई," तो म्हणाला. "मीच पेलो. बाटली तोंडाले लावून, तीन घोट. नाकाच्या दोन गोळ्या. दहा वाजता."

"खोकला वाढला होता?"

"नाई."

"मंग काऊन घेतलं?"

हेमराजने कांताबाईंकडे पाहिलं. आता त्या एकच दिसत होत्या आणि एकटक बघत होत्या. गप्प राहिलं तर बेवडा ठरणार आणि विक्कीची सोयरीक मोडणार. खरं सांगितलं तर सासुरवाडीत पुन्हा मान वर करून बसता येणार नाही. त्याला विक्कीचा चेहरा आठवला. लहान असताना हाच पोरगा त्याचं बोट धरून मंडईत फिरायचा.

"त्याले बाटली भेटली," हेमराज खुशालकडे न बघता म्हणाला, "अन् मले मीठ-पाणी. मी थोरला आहो."

खुशाल भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागला. बाईंनी इंजेक्शनची तयारी करता करता सांगितलं, अजून दोन घोट घेतले असते तर चंद्रपूरला पाठवावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत इथेच पडून राहायचं आणि मी सांगेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत.

कांताबाई खाटेजवळ आल्या. वाकून त्यांनी हेमराजच्या तोंडाचा वास घेतला, अगदी अनुभवी माणसासारखा, दोन वेळा. मग दाराशी जाऊन भावाला फोन लावला. पोरगा कसा वाटला, तारीख कोणती, मांडव कोणाच्या दारी, जेवणात काय, सगळं चार मिनिटांत ठरलं. हेमराजचं भाषण पंधरा मिनिटांचं होतं.

"म्हणजे सोयरीक पक्की?" खुशालने विचारलं.

"पक्की. माणूस पेलेला नाई," कांताबाई फोन पदराला पुसत म्हणाल्या. मग खाटेकडे पाहून त्यांनी मान हलवली. "दारू असती तं आमच्या मंडळानं सहा महिन्यांत सोडवली असती. याच्यावर मातर काही उपाय नाई."

हेमराजने ते नीट ऐकलं आणि डॉक्टरांनी मनाई केलेली असतानाही डोळे मिटून घेतले.