शिवराजअप्पा आणि मांजरेचं पाणी

शिवराजअप्पांना स्कूटरवर मागे बसवून भालकीच्या बाजारातून नेणं सोपं काम नाही. अप्पा आमचे शेजारी, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं कापडाचं दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर आहे, म्हणून मी रोज त्यांना सोडते.

“डावीकडं घ्या टीचरबाई! आता निधाना, निधाना! पुढं भोवरा हाय!”

भोवरा म्हणजे कांद्याचा गाडा, उदगीरची बस आणि त्या दोघांच्या मधोमध निवांत उभी असलेली म्हैस. ‘निधाना’ म्हणजे कानडीत सावकाश. पण अप्पा ते इतक्या जोरात ओरडतात की म्हैससुद्धा दचकते.

हे नदीचं वेड लागलं दांडेलीला. त्यांचा मुलगा मल्लू बेंगळुरूला नोकरीला आहे. त्यानं एकदा आईवडिलांना दांडेली दाखवायला नेलं आणि अप्पांना धोतरासकट रबरी होडीत बसवलं. खडकांतून फेसाळत जाणाऱ्या पाण्यात होडी उलटली. आता हा माणूस न्हाणीघरातल्या बादलीलाही लांबून नमस्कार करील, असं आम्हाला वाटलं होतं. पण अप्पा परतले ते एक लांबुळकी प्लास्टिकची होडी टेम्पोत घालून.

“म्हशीला पाणी पाजायला आणलाव काय, अप्पा?” गल्लीतल्या लोकांनी विचारलं.

“कायाक म्हणत्यात हिला,” अप्पा म्हणाले.

त्यांच्या पत्नी महादेवीअक्का उन्हाळाभर त्या कायाकमध्ये मिरच्या वाळवतात. पावसाळ्यात पहिल्यांदा होडीत बसले की अप्पांना शिंका येतात, पण त्याचा दोष ते वाऱ्याला देतात.

पूर्वी मांजरा नदीशी अप्पांचं नातं बसच्या खिडकीपुरतं होतं. पूल आला की डोळे उघडायचे, हात जोडायचे आणि परत झोपायचं. आता बस पुलावर आली की ते उभेच राहतात. कुठल्या खडकावर पाणी चढलंय, कुठं गाळ साचलाय, बाभळीवरची सुगरणीची घरटी कुठवर लोंबायलीत, हे सगळ्या बसला ऐकावं लागतं. नदीला ते ‘ती’ म्हणतात, आणि घरातल्या थोरल्या बाईबद्दल बोलावं तसं दबून बोलतात. “आज तिचं मन न्हाई,” असं म्हणून कितीदा तरी ते काठावरून तसेच परत आलेत.

एकदा एक गिऱ्हाईक सहज बोलून गेलं की घरचं निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून टाकून आलो. अप्पांनी मोजत असलेलं कापड तिथंच ठेवलं.

“तिच्या दारात पिशवी फेकून आलाव, अन् माझ्या दारात लुगडं घ्यायला आलाव?”

गिऱ्हाईक गेलं. “अहो, लग्नाचा बस्ता होता त्यांचा!” अक्का कळवळून म्हणाल्या. अप्पांनी शांतपणे कापडाची घडी घातली.

गेल्या पावसाळ्यात वरच्या धरणाची दारं उघडली. बंधाऱ्याखालच्या खडकाळ उतारावर पाणी उसळायला लागलं आणि अप्पांनी कायाक बाहेर काढली. अक्कांना पाण्याची भीती, म्हणून त्यांनी मलाच गळ घातली, “तू तर जा ग बाई, नजर ठेव.” मी आणि माझे यजमान दोरखंड घेऊन गेलो.

अप्पांनी आधी नदीला हात जोडले, मग बराच वेळ नुसते पाहत राहिले. शेवटी होडी लोटली. पहिला खडक त्यांनी झकास चुकवला आणि कौतुकासाठी आमच्याकडे वळून पाहिलं. तेवढ्यात दुसरा आला. होडी पालथी झाली. माझी किंकाळी मलाच ऐकू आली नाही, इतका पाण्याचा आवाज. पण अप्पा बाजेवर पहुडल्यासारखे उताणे, पाय वर करून वाहत येत होते. यजमानांनी दोर फेकला आणि आम्ही त्यांना काठाला ओढलं.

ते थरथरत होते. मी टॉवेल पांघरला आणि रागावलेच.

“अप्पा, ह्या वयात कामून करायलाव हे?”

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दांडेलीला पडलो तवा मल्लूनं उडी मारली. गच्च धरलं मला. तो मोठा झाल्यापासून आमी कधी असं जवळ आलो न्हाई, बाई. अन् फोनवर काय बोलावं? जेवलास का, झोपलास का, संपलं. नदीला पाणी आलं की सांगायला कायतरी असतंय.”

त्यांनी माझा फोन मागितला. मुलाचा नंबर तोंडपाठ होता. बोटं ओली होती म्हणून मी लावून दिला आणि स्पीकर सुरू केला.

“मल्लू, पाणी आलंय रे. पालथा झालो आज.”

“अप्पा! लागलं न्हाई ना? पाय वर ठेवलेलाव ना?”

“व्हय, वरच ठेवलेलो.”

“पाण्यात उभारायला जाऊ नका कधी. पाय दगडात अडकतोय.”

“न्हाई जात.”

पुढं दोघांनाही काही सुचेना. फोन कुणीच ठेवला नाही. अप्पांनी हात लांब केला आणि फोन नदीकडे धरला.