आप्पांची सरळ झाडं

आप्पा मुंबईच्या साहेबाची नोकरी संपवून पावस गावी परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक छत्री आणि सरळपणाचं वेड एवढं सामान होतं. उदबत्ती जरा वाकडी खोचली तरी त्यांना जेवण जात नसे. साहेबाच्या बंगल्यापुढे नीलगिरीची रांग होती. तशीच रांग आप्पांनी एकदा रजेवर आले असताना फाटकापासून अंगणापर्यंत लावली होती. झाडं भराभर वाढली होती. आता आप्पा रोज सकाळी फाटकाशी उभे राहून, एक डोळा मिटून ती रांग तपासत आणि मगच चहा घेत.

त्यांच्या डोळ्यांत सलत होत्या त्या सगुणाबाईंच्या उंड्या. नवरा मुंबईला असताना सगुणाबाईंनी समुद्राच्या बाजूच्या बांधावर उंडी आणि कोकमाचे रातांबे लावले होते. उंडीचं झाड जाड पानांचं, आणि वारा ढकलेल तसं वाकणारं. तिच्या बियांचं तेल घरच्या दिव्यात जळायचं, उरलेलं मिरकरवाड्याचे खलाशी होड्यांना चोपडायला न्यायचे, आणि रातांब्याची सोलं वर्षभर पुरायची. आप्पा त्याच तेलाच्या उजेडात पेपर वाचत, त्याच सोलांची कढी ओरपत, आणि वर म्हणत की या रानटी झाडांनी बागेची शोभा घालवली.

त्या वर्षी त्यांनी ठरवूनच टाकलं. शिमगा झाला की बाबल्या लाकूडतोड्याला बोलवायचं, उंड्यांची रांग साफ करायची आणि पावसाळ्यात तिथेही नीलगिरी लावायची. रोपं आगबोटीने येणार होती.

"अवो, उंड्यांच्या मागं आंब्याची कलमं हायत," सगुणाबाई म्हणाल्या. "दर्याचा वारा कोण अडवील?"

"वारा अडवायचा कशाला? साहेब म्हणायचा, हवा खेळती पाहिजे."

साहेबापुढे सगुणाबाईंची मात्रा चालत नसे. कळशी कळशी पाणी घालून जगवलेली ती झाडं आता जाणार म्हणून त्या चुलीपुढे बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन देवळात गेल्या आणि चांगल्या शांत होऊन परत आल्या. बायकोला पटलं, असं आप्पांना वाटलं.

शिमग्याचे दिवस आले. होळीसाठी पोरांनी लाकडं चोरायची आणि मालकाने शिव्या घालायच्या, हा गावचा रिवाज. शिव्या जितक्या कडक तितकी होळी शुभ. शहाणा मालक दोन शिव्या हासडतो आणि गप्प बसतो. पण आप्पांची हयात मुंबईत गेलेली. पहिल्याच संध्याकाळी बाबल्याच्या टोळीने एक नीलगिरी आडवी केली, तसे आप्पा ओटीवरून धावले. झालेल्या दुःखाला मराठी शिव्या पुरेनात, म्हणून त्यांनी साहेबाच्या बाहेर काढल्या. "ब्लडी रास्कल! डॅम फूल! आय विल डिसमिस यू!"

टोळी खूश झाली. असा माल गावच्या होळीला कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मंडळी लाकडापेक्षा शिव्यांसाठीच आली. तिसऱ्या दिवशी बायाबापड्या आल्या. रोज एक झाड पडे आणि रोज आप्पांचा तोल जाई. तक्रार करावी तर खुद्द पोलीसपाटील गर्दीत उभा राहून 'डॅम फूल' पुन्हा एकदा म्हणा, अशी विनंती करत होता.

शेवटी सगळ्यात उंच, सगळ्यात सरळ असं एकच झाड उरलं. तेवढ्यावर आप्पांनी समाधान मानलं. पण पुनवेच्या सकाळी ढोल वाजत दारात आला.

"आप्पा, होळीला उभं कराया देवीनं तुमचं झाड मागितलंय," दादू मानकरी म्हणाला.

"दादू, एवढंच राहिलंय रे."

"म्हणूनच. गावात एवढं सरळ दुसरं नाय."

देवीला नाही कोण म्हणणार? आप्पांनी ओल्या डोळ्यांनी स्वतःच झाडाला हार घातला. होळी पेटली आणि नीलगिरीच्या धुराने सगळ्या गावाचे डोळे ओले झाले. मानकरी शिंकले, ढोलवाले शिंकले. शेजारच्या आनंदीबाईंचं दिवाळीपासून चोंदलेलं नाक मात्र मोकळं झालं, आणि त्यांनी आप्पांना तोंड भरून आशीर्वाद दिला.

आता उंड्यांची पाळी होती. पण देवीची पालखी घरोघर फिरत असते तोवर गावात झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. आप्पा पालखीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. ती अजून खालच्या वाडीत नाचत होती, तोच एका दुपारी दर्यावरून वादळ उठलं. आप्पा ओटीचा खांब धरून बसले. वारा पडल्यावर बाहेर आले तर आनंदीबाईंच्या बागेत कैऱ्यांचा सडा पडला होता. पुढच्या बागेतही तेच.

भीतभीतच ते आपल्या बागेत शिरले. उंड्यांची पानं फाटली होती, फांद्या लोंबत होत्या. पण झाडं जागची हलली नव्हती. त्यांच्या मागे कलमांवर आंबे जसेच्या तसे लटकत होते.

"सगुणा, तुझी झाडं..." आप्पा म्हणाले.

"आपली म्हणा," सगुणाबाई म्हणाल्या.

पालखी देवळात गेली आणि बाबल्या सांगितल्याप्रमाणे कुऱ्हाड घेऊन हजर झाला. आप्पांनी धावत जाऊन पहिल्या उंडीला मिठी मारली आणि शिमग्यातला सगळा इंग्रजी साठा पुन्हा त्याच्यावर रिकामा केला. बाबल्याने तो उभ्याउभ्या आनंदाने ऐकला आणि जाताना उंडीची दोन रोपं मागून घेतली.

पावसाळा लागला तशी गावाची रीघ लागली. सगुणाबाई रोपं देत आणि आप्पा भाषण. आपल्या मातीतलं झाड आपल्या वाऱ्याला ओळखतं, हे साहेबाला काय कळणार, असं ते छाती काढून सांगत.

पुढच्या शिमग्याला दादू मानकरी मंडळींसह होळीचं आमंत्रण घेऊन आला. तो झाड मागायलाच आलाय असं समजून आप्पांनी ओटीवरूनच सुनावलं, "आमच्या बागेत एकसुद्धा सरळ झाड नाही. हवं तर शोधून बघ."

"नको. औंदा खालच्या वाडीच्या धाकूनं दिलंय त्याचं," दादू म्हणाला. "गेल्या साली तुमच्याच घरनं शबूद आला हुता. वयनींनी देवीपुढं गाऱ्हाणं घातलं, आमच्यातलं सगळ्यात सरळ झाड तुला घे आई, पन उंड्या राख."

आप्पा गर्रकन वळले. त्यांनी तोंड उघडलं, तशी अंगणातली मंडळी शिव्यांच्या आशेने पुढे सरकली. सगुणाबाईंनी शांतपणे एक नारळ त्यांच्या हातात ठेवला.

"नवस फेडायचा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "सोलून द्या."

आप्पा मुकाट्याने खाली बसले आणि नारळ सोलू लागले.