पास झालेला नमुना

चार वाजून दहा मिनिटांनी अण्णा नमुन्याची साबणवडी घेऊन घराबाहेर पडले. वडीवरचं लेबल स्कॅनरला वाचता येत नव्हतं.

मोठ्या दुकानाची अट साधी होती. आज नमुन्याचा बारकोड त्यांच्या काउंटरवर वाचला गेला, तरच वहिनींचा घरी केलेला सगळा साबण ते घेणार. वहिनींची ही पहिलीच मोठी ऑर्डर. लेबलांचं काम दिराकडे होतं आणि ऑर्डरीपेक्षा स्कॅनर गप्प का, याचंच त्याला जास्त कुतूहल.

"भावजी, अजून गडद करा ना!" अण्णा निघण्याआधी वहिनी म्हणत होत्या.

"गडद केलं की रेघा फुगून एकमेकींना चिकटतात, वहिनी. मधली पांढरी जागाच उरत नाही."

"मग फिकट करा."

"फिकट केलं की तुटतात. आता छपाईचा वेग कमी करून बघतो."

त्याने दर वेळी गडदपणाचे आणि वेगाचे आकडे बदलून लेबलं छापली, प्रत्येकाच्या कडेला पेनाने आकडे लिहिले आणि सगळी खुर्चीच्या पाठीवर ओळीने चिकटवली. तेवढ्यात सासरे, म्हणजे अण्णा, त्याच खुर्चीत टेकले.

"दिवसभर कसले खेळ चाललेत तुमचे? ही वडी नेतो, काळंभोर लेबल आहे. मी देऊन येतो," म्हणत ते उठले आणि गेलेसुद्धा.

मग दिराने खुर्चीवर स्कॅनर फिरवला. एकाही लेबलावर तो वाजला नाही. ओळीत एक जागा मात्र रिकामी होती.

"इथलं कुठं गेलं?"

उत्तर फोनवर आलं. दुकानाचे मॅनेजर होते. "बाई, तुमची वडी काही वाचली जात नाही. तुमचे सासरे मात्र वाचले जातायत."

"म्हणजे?"

"पडलेला चष्मा उचलायला वाकले, पाठीवर स्कॅनरचा किरण पडला. पहिल्या झटक्यात वाजलं!"

दिराने फोन ओढून घेतला. "कडेला पेनानं काय लिहिलंय?"

"गडदपणा बारा, वेग दोन."

"आणि ऑर्डर?" वहिनी मागून ओरडल्या.

"पक्की. फक्त संगणकात एक नग जमा झालाय. साहेब येऊन नोंद रद्द करेपर्यंत जमा माल मला बाहेर सोडता येत नाही."

"अहो, मग लेबल काढून ठेवून घ्या!"

"हात लावू देत नाहीत. म्हणतात, पास झालेला नमुना मी आहे."

साडेसहापर्यंत घरी सगळ्या वड्यांना नवी लेबलं लागली होती आणि एकूण एक वाजत होती. दुकानातले साहेब अजून आलेले नव्हते. अण्णा साबणाच्या मांडणीशेजारी स्टुलावर बसून होते आणि दोन गिऱ्हाइकांनी किंमत विचारली होती.