अननसाच्या सालीचं पानक

अननसाची साल फेकून देणारा माणूस अडाणी, हे माझं मत तेव्हाही होतं आणि एवढं सगळं होऊनही आहे!

मी कानडी मुलखात, के. आर. पुरमकडच्या मुरंब्याच्या कारखान्यात कारकून. तिथं अननसाच्या सालींचे ढीग रोज उकिरड्यावर जायचे. प्रयोगशाळेतले साहेब एकदा म्हणाले, "या सालीत असं द्रव्य आहे की सांध्यांची सूज उतरते." झालं! आमचे सासरे नरसिंहराव गुडघ्यांपायी काठीवाचून उठत नव्हते. आणि रामनवमीला अख्ख्या गल्लीला पानक पाजायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याचा. यंदा तो त्यांनी मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवला.

"अहो, गूळ, लिंबू, वेलची, सुंठ. दुसरं काही घालू नका," बायको वसुमती म्हणाली. "समोरचे कृष्णमूर्ती मान पळवायला टपलेत!"

"औषध आहे ते! बघच तू!"

पानक करायचं त्याच सकाळी, ताजं. पण सालीचा गुण उतरायला वेळ नको? गुळाच्या पाण्यात साली घालून मी रांजणाचं तोंड बांधलं आणि चैत्राच्या उकाड्यात दोन-तीन दिवस मुरू दिलं. मुरंब्याच्या कारखान्यातला माणूस मी, मला मुरवणं कोण शिकवणार!

रामनवमीला रांजण उघडला तर पानक चुलीवाचून उकळत होतं. "गुण उतरला!" मी जाहीर केलं.

मांडवात सासऱ्यांना दोन पेले आग्रहानं पाजले. कृष्णमूर्ती म्हणाले, "अय्यो, फार छान झालंय, अण्णा! अजून स्वल्प!" स्वल्प स्वल्प करत त्यांनी तांब्या संपवला आणि कोसंबरीची, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीची, परात उशाशी घेऊन झोपले. भजनी मंडळ आरतीच्या मधूनच पुनःपुन्हा पहिल्या कडव्यावर येऊ लागलं. कडक सोवळ्याच्या अंबूबाई पुजाऱ्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती रे वाळलास, बाळा!"

तिसऱ्या पेल्याला सासऱ्यांना वास आला.

"जावईबापू, ही दारू आहे!"

"मामा, ते सालीतलं द्रव्य..."

"रामाच्या मांडवात दारू! घराण्याचा मान घालवलात!"

मान गेला, कबूल. पुढच्या वर्षीपासून पानक कृष्णमूर्तींकडे. वसुमती अजून माझ्याशी बोलत नाही, याचं वाईटही वाटतं.

पण मामा उठले! काठी हातात होती, पण टेकायला नव्हे. मांडवापासून गल्लीच्या टोकापर्यंत ते माझ्यामागे धावले आणि त्यांनी मला गाठलंही! आता सांगा, सालीत गुण नाही?

पाठ तेवढी ठणकतेय. तिला कुठली साल चालते, ते साहेबांना विचारणार आहे.